पाचवी बाई

भाकरी थापता थापता रामीबाईला हसू फुटलं. नववीतली तिची लेक रेणू वही घेऊन चुलीशी बसली होती आणि आईलाच प्रश्न विचारत होती. इंग्रजीचा प्रकल्प होता. रिठदजवळच्या त्यांच्या शाळेत सतीश सरांनी धडे घोकून घेणं सोडून नवी रीत आणली होती. आपल्या तांड्यातल्या पाच बायांना गाठायचं, लग्न कितव्या वर्षी झालं, काय व्हायचं होतं, ते विचारायचं आणि इंग्रजीत लिहून आणायचं. तोंडातून शब्द न काढणारी पोरं इंग्रजीत बोलू लागली होती. सरांचं तेवढं कौतुक करायलाच हवं.

लग्न चौदाव्या वर्षी झालं, असं रामीबाईनं सांगून टाकलं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तिचा हात परातीतच थांबला. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मले एसटीत तिकिटं फाडायची होती," ती हळूच म्हणाली. "लिही. पण बापाले नको सांगू."

रेणूनं काकू, शेजारीण आणि भागिरथा आजी अशा आणखी तिघी गाठल्या. पाचवीसाठी ती सरांकडे गेली.

"सर, पाचवी आमच्या घरातलीच चालन काय?"

सर भिंतीवर तक्ते चिकटवत होते. शाळा तपासायला अधिकारी येणार होते. "चालेल, चालेल. अक्षर तेवढं नीट काढ," ते मान न वळवता म्हणाले.

रेणूनं अक्षर फार नीट काढलं. सरांनी पाचही पानांवर 'छान' लिहून सही केली आणि सगळ्या पोरांची पानं भिंतीवर लावली. अधिकाऱ्यांनी पाहिली, फोटोही काढले. वाचलं कुणीच नाही.

दिवाळीची सुट्टी संपली तरी रेणूची जागा रिकामीच. आठवडाभर वाट पाहून सर तांड्यावर गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर भागिरथा आजी बसली होती. तिनं सांगितलं, रेणूचा बाप प्रेमसिंग बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवणार? शिवाय तोडीला नवरा-बायकोची जोडीच लागते, आणि पाहुण्यातल्या एका पोराला जोडीदारीण हवी होती. म्हणून सुट्टीत रेणूचं लग्न उरकलं.

"ती रडली नाही?" सरांनी विचारलं.

"कायले रडन? सर येतीन म्हणे, त्याईले लिहून देल्लं हाय. मांडवातबी रस्त्याकडंच पाहून राह्यली होती."

सर शाळेत परतले आणि ते पाचवं पान त्यांनी पहिल्यांदा वाचलं. नाव, रेणू प्रेमसिंग. लग्नाचं वय, पंधरा. पुढे लग्नाची तारीख, दिवाळीच्या सुट्टीतली. काय व्हायचं होतं, तर इंग्रजीची शिक्षिका. खाली 'छान' आणि त्यांची सही. सर बाकावर बसून रडले.

मग उठून त्यांनी भिंतीवरचं एकेक पान वाचायला घेतलं. रेणूच्याच बाकावर बसणाऱ्या सरितानं मैत्रिणीचं पाहून पाचवं नाव स्वतःचं लिहिलं होतं. तिची तारीख आठ दिवसांवर होती. गावात बालविवाह रोखायचं काम ग्रामसेवकाचं. दोन्ही पानं काढून सर तडक त्याच्याकडे निघाले.

सरिताचं लग्न कदाचित थांबेल, वाटेत सरांच्या मनात येत होतं. रेणू मात्र आज उसाच्या फडात मोळ्या बांधते आहे. हाक तिनंही वेळेवर मारली होती, आणि आपण तिला छान म्हणालो.