डावखुरी विळी

केसरबाईचा डावा हात लहानपणापासून सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायचा. जेवताना तो ताटाकडे गेला की आई पळीने हाणायची. पंगतीत वाढायला उभी राहिली की चुलती हातातलं भांडं काढून घ्यायची. सासूने तर पहिल्याच सणाला चारचौघींत कपाळावर हात मारून घेतला. तिला सुधारायच्या भानगडीत न पडलेला एकच माणूस, गावातला रंगराव लोहार. लग्नाआधी त्याने तिला भाजी चिरताना विळीशी झगडत असलेलं पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, खोट तुझ्या हातात न्हाई, विळीत हाय." मग बैलगाडीच्या चाकावरून उतरलेल्या जुन्या लोखंडी धावेतून त्याने तिच्यापुरती विळी घडवली. पातं डावीकडे कललेलं, धार उलट्या बाजूने काढलेली, पाट डाव्या पायाखाली बसेल असा.

झालं! केसरबाईचं आणि विळीचं जमलं ते जमलंच. नवऱ्यापाठोपाठ ती भोसरीला आली, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चिराचिरीच्या कामाला लागली, तेव्हा पिशवीत घालून विळीही घेऊन गेली. कोबी असो की टणक भोपळा, विळीने कधी कुरकुर केली नाही. राखेने पुसली की पुन्हा ताजी. पाटाला तर केसरबाईच्या पायाचा खळगा पडला होता. सगळ्या जगाने डावं-उजवं केलं, या विळीने नाही केलं, म्हणून केसरबाईचा तिच्यावर जीव होता.

आणि अशात कॅन्टीनवर दौलतराव मुकादम म्हणून आले. लग्नांच्या पंगती उठवून आलेला माणूस, तोरा काय विचारता! पहिल्याच सकाळी ते केसरबाईपुढे येऊन थबकले.

"डाव्या हातानं? अन्न आहे ते, बाई!" मग शेजारी भाजी निवडणाऱ्या मंजुळाबाईकडे वळून म्हणाले, "हिनं चिरलेलं सगळं धुऊन घ्या. आणि उद्यापासून उजव्या हातानं चिरायचं, नाहीतर घरी बसायचं."

मंजुळाबाई बिचारी खाली मान घालून कांदे धुऊ लागली. ते बघताना केसरबाईच्या कानशिलांतून जाळ निघाला. आईचा मार तिने सोसला होता, सासूचे टोमणे गिळले होते. पण आपल्या हातचे कांदे आपल्यासमोर धुतले जाताना बघणं तिला सोसेना.

"उद्या कशाला? आजच बसते की घरी," ती म्हणाली. तिने विळीचं पातं मिटलं, विळी पिशवीत घातली आणि निघाली.

गेटवर वॉचमन भिमाजीने पिशवी चाचपली. मागून दौलतराव आलेच. "काय आहे त्यात? विळी? ती कॅन्टीनची. गेट पासशिवाय लोखंड बाहेर जात नाही."

"माझ्या माह्यारची हाय ती!"

"पुरावा काय?"

नोकरी गेली याचं केसरबाईला काही वाटत नव्हतं. भोसरीत खोल्या करून राहणारे कामगार कमी नव्हते, त्यांचे डबे करून पोट भरलं असतं. पण या विळीवाचून ती काय करणार होती? दुसऱ्या कुठल्या विळीवर तिचा हात चालत होता? तिने पिशवीतून विळी काढली, पातं उघडलं आणि गेटच्या मधोमध पाटावर पाय ठेवून बसली. पात्यामागे बसलेल्या बाईला उठवणार कोण?

भोंगा झाला. शिफ्ट सुटली, सायकलींची रांग गेटपाशी तुंबली. बाहेर भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा राहिला.

"भिमाजीभाऊ, टेम्पोतला एक कांदा द्या," केसरबाई म्हणाली. मग उठून तिने विळी दौलतरावांपुढे सरकवली. "कंपनीची हाय न्हवं? मग कंपनीच्या मानसाला चालंल. चिरा. तुमी चिरलात तर न्हाई मागनार."

"बसा की राव!" सायकलवाल्यांतून कोणीतरी ओरडलं.

पंगती उठवलेला माणूस कांद्याला घाबरतो की काय! दौलतराव पँट वर ओढून ऐटीत बसले, उजव्या हाताने कांदा दाबला. कांदा पात्यावरून निसटला, एक जाडजूड फोड टुणकन उडाली आणि दुसऱ्या क्षणी दौलतरावांचा अंगठा तोंडात होता. सगळं गेट हसलं. भिमाजीसुद्धा मिशीत हसला.

"घेऊन जा ती अवदसा!" दौलतराव उठत ओरडले.

भिमाजीने तिला वाट करून दिली. पण केसरबाई बाहेर गेलीच नाही. विळी घेऊन ती गेटजवळच्या नळाकडे वळली.

"आता काय राहिलं, केसरबाई?" भिमाजीने विचारलं.

"उजवा हात लागला न्हवं हिला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि तिने नळ सोडला. "धुऊन घेते."