पुण्याच्या ताईंचं उत्तर

जळगावात केळीचं मासिक काढणाऱ्या नीलेशशेठनी दोन वर्षांपूर्वी मुलींसाठी फॅशनचं मासिक सुरू केलं. मोबाईलच्या जमान्यात हे कोण वाचणार, असं मी विचारलं. "शाळा मागू राह्यल्या भाऊ, तुम्ही फक्त लिहा," ते म्हणाले. केळीच्या करपा रोगावर शेतकऱ्यांना उत्तरं मीच द्यायचो, म्हणून मुलींच्या मुरुमांवरही मीच. सदराचं नाव 'ताईला विचारा'. ताई म्हणजे मी, लीलाधर, वय एक्कावन्न, मिशी आहे.

काम तसं अवघड नव्हतं. चेहऱ्याला काय लावू, असं कुणी विचारलं की मी लिहायचो, जे लावतेस ते आठ दिवस बंद कर. शेतकऱ्यांनाही निम्म्या वेळा मी हेच सांगतो. गुण दोघांनाही येतो.

घरी मी आणि माझी मुलगी डिंपल, दहावीतली. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. मासिक मी तिला आणून देतो. ही ताई कोण, असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा पुण्याच्या एक बाई आहेत म्हणालो. पुण्याचं म्हटलं की आपल्याकडं कुणी पुढं विचारत नाही.

जानेवारीत एक पत्र आलं. खाली 'एक वाचक, मुक्ताईनगर'. शिक्काही तिथलाच. अक्षर मुद्दाम डावीकडं कललेलं. पण कागद उलटला तर मागं करप्यावरच्या लेखाचं प्रूफ, त्यावर माझ्याच लाल दुरुस्त्या. आमच्या घरात कच्चं लिखाण प्रुफांच्या पाठीवरच होतं. डिंपल आदल्या रविवारी मुक्ताईनगरला आत्याकडं गेली होती. एवढी हुशारी केली आणि कागदाची दुसरी बाजू पाहिली नाही. पोरगी बापावर गेली.

पत्रात होतं : "ताई, सत्तावीस तारखेला शाळेचा निरोप समारंभ आहे. सगळ्या मुली साड्या नेसणार. मला आईची जांभळी साडी नेसायची आहे. पण आई गेल्यापासून पप्पांनी तिचं कपाट उघडलेलं नाही. मी विचारलं तर ते रडतील. मैत्रिणीची साडी मागू का?"

कपाट मी डिंपलसाठी बंद ठेवलंय, अशी माझी समजूत होती. तिला त्रास नको म्हणून. पत्र तीनदा वाचलं आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

सरळ घरी जाऊन कपाट उघडलं असतं, तर ताई म्हणजे मीच, हे तिला कळलं असतं. तिनं विश्वासानं परक्या बाईला लिहिलं आणि ते बापानं वाचलं. मग ती कुणालाच काही विचारणार नाही. उत्तर ताईनंच द्यायला हवं होतं. पत्ता नव्हता, म्हणजे अंकातच. आमचा अंक एक तारखेला निघतो, म्हणजे सहा-सातला.

"या वेळी पंचवीसला काढू," मी नीलेशशेठना म्हणालो.

"मस्करी करू राह्यले का भाऊ? आपला अंक कधी वेळेवर निघाला नाही, आन् तुम्ही आधी काढता?"

"काढू द्या शेठ. माझ्या घरचं काम आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि छापखान्याला फोन लावला.

उत्तर मी सात वेळा लिहिलं. छापलं ते एवढंच : "मैत्रिणीची साडी मागू नकोस. पप्पांना विचार. रडले तर रडू दे."

पंचवीसला संध्याकाळी अंक टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीत पेपर घेऊन बसलो. तासाभरानं डिंपल दारात आली.

"पप्पा, आईचं कपाट उघडू? मला तिची जांभळी साडी नेसायचीय."

'उघड की, त्यात काय विचारायचं,' असं म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं. चार दिवस सराव केला होता. ऐनवेळी नुसती उशीखालची किल्ली काढून पुढं केली आणि पेपर तोंडासमोर धरला.

डिंपलनं तो हळूच खाली ओढला. तिच्या दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास होता. येतानाच भरून आणला होता. पाण्याचं मी काही लिहिलं नव्हतं.