बाळाप्पाची माती

अक्काताईला वडील होते ते चांदीच्या एका डबीपुरते. बाळाप्पा हुपरीहून मुंबईला गेला आणि 'जलमोती' नावाच्या मालवाहू आगबोटीवर आगवाला झाला. भट्टीत कोळसा टाकायचा. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं ती बोट ताब्यात घेतली. ताग आणि चहा नेणारी गरीब बिचारी बोट दारूगोळा वाहू लागली. भट्टीपुढं गळ्यातली डबी तापून छाती भाजायची, म्हणून शेवटच्या खेपेला बाळाप्पानं आपलं इष्टलिंग, लिंगायताच्या गळ्यातलं रोजच्या पूजेचं लिंग, डबीसकट गरोदर बायकोच्या हाती दिलं. मी येईपर्यंत माझी पूजा तू कर, म्हणाला. पुढं घरी तार आली: बोट बेपत्ता.

बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असं आईनं ठरवून टाकलं. कुंकू पुसलं नाही, नवऱ्याच्या लिंगाची पूजा एक दिवस चुकवली नाही. ती गेल्यावर ते काम अक्काताईकडं आलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि वर ही पूजा. गावानं तिला खुळी ठरवलं. गावाला दुसरे उद्योग काय? एकट्या घरात सकाळी कुणासाठी तरी आंघोळ करून बसावं लागतं, हे भरल्या घरातल्यांना कळत नाही.

परवा बसवेश आला. चुलतभावाचा नातू, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. त्यानं मोबाइलवर दाखवलं: एडनजवळ समुद्रात बुड्या मारणाऱ्यांना तळाशी 'जलमोती' सापडली होती. टॉर्पेडो भट्टीच्याच अंगाला लागला होता.

"अज्जी, खालची मानसं वर आलीच नसतील," तो हळू म्हणाला. "आता डबीलाच माती दिऊया की. तुज्या मागं पूजा कोन करनार? मला न्हाय जमायचं, खोटं कशाला बोलू?"

त्या दिवशी अक्काताईला जेवण गेलं नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती पोरकी झाली होती, आणि हे सांगायचं तरी कुणाला? दुसऱ्या दिवशी ती हो म्हणाली.

स्मशानात आईच्या समाधीशेजारची जागा मठाच्या स्वामींनी दाखवली. लिंगायतांत मयताला बसवून पुरतात, आणि जुन्या रीतीनं खड्डा मयताच्याच पावलांनी मापतात. खणणारा गुंडू कुदळ घेऊन उभा राहिला.

"पावलाचं माप द्या की," तो म्हणाला.

समुद्राच्या तळाशी असलेल्या माणसाचं पाऊल आणायचं कुठून?

"आई म्हनायची, माजं पाऊल बापावर गेलंय," अक्काताई म्हणाली आणि तिनं चपला काढल्या.

बसवेशनं कोपर धरलं. पावलाला पाऊल लावत ती मापू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. बापाचं काहीतरी आपल्या अंगावर आहे, हे इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच पटत होतं.

खड्डा झाला. विभूती पडली, बेलाची पानं पडली, त्यावर ती डबी ठेवली. एवढ्या मोठ्या खड्ड्यात ती दिसतसुद्धा नव्हती. गुंडूनं माती लोटायला खोरं उचललं, तसा अक्काताईनं हात आडवा केला.

"बसवेशा, माज्या येळंला दुसरा खड्डा काडू नगा. ह्योच उघडा," ती म्हणाली. "बापाजवळ मी कदी बसल्याली न्हाय."