पुतळ्याचं हसू

सांगून काढलेला फोटो मला आवडत नाही. ‘इकडे बघा’ म्हटलं की चांगली हसतीखेळती माणसं ओळखपत्रावरच्यासारखी दिसायला लागतात. म्हणून मी न सांगताच काढते. बटणांच्या डब्यात झोपलेलं मांजर, खिडकीत डोकावणारी तुतीची फांदी, जांभई देणारे आमचे कटिंगमास्तर, सगळं फोनमध्ये आहे. मास्तर म्हणतात, हिच्यासमोर शिंकायचीही चोरी.

फक्त माझी मैत्रीण हाती लागत नव्हती. ती शिवणखोलीत माझ्या समोरच्याच मशीनवर बसायची. एरवी हसरी, पण फोन दिसला की मान ताठ, डोळे मोठे. म्हणून तिचं नाव पुतळा. त्यात काम करताना तिच्या ओठांत टाचण्या, म्हणजे हसायची सोयच नाही. आणि उद्या ती भावाकडे, दूर त्याच्या गावी, कायमची निघाली होती. तिचा हसतानाचा एकही फोटो माझ्याकडे नाही, या विचाराने सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं. कॉलर उलटी जोडली आणि मास्तरांची बोलणी खाल्ली.

दुपारी जेवण झाल्यावर दातात काही अडकलंय का ते फोनमध्ये बघून घेतलं आणि कामाला लागले. तेवढ्यात खिडकीतून चिमणी आत आली. घरट्यासाठी आमचे सुटे धागे पळवणं हा तिचा रोजचा धंदा. आज बाईसाहेबांनी मास्तरांच्या मशीनवरच्या रिळाचंच टोक धरलं आणि भुर्रकन उडाल्या. रीळ गरगर फिरायला लागलं. मास्तर कात्री घेऊन मागे, ‘सोड गं बाई, सोड’ अशा विनवण्या करत.

पुतळ्याचे खांदे हलायला लागले. तिने घाईघाईने ओठांतल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या उशीत खोचल्या आणि फुटलीच. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी फोन उचलला आणि तिच्यावरची नजर न काढता बटण दाबत राहिले.

मग पाहिलं, तर सगळ्या फोटोंत मीच. दात बघून झाल्यावर कॅमेरा सेल्फीवरच राहिला होता. तोंड उघडं, केस पिंजारलेले, गळ्यात टेप. मला रडूच आलं. पुन्हा हस म्हणून तिला गळ घातली. ती हसायला गेली आणि पुतळा झाली.

तिने माझ्या हातातून फोन घेतला, एकेक फोटो सरकवला आणि एकावर बोट ठेवलं.

“हा मला पाठव,” ती म्हणाली.

भुतासारखी दिसतेय, मी पुसून टाकणार आहे, असं मी म्हटलं.

“खबरदार. मी हसले की तू अशी दिसतेस. मी रोज हेच बघते. तिकडे माझ्यासमोर कोण बसणार आहे?”

मी पाठवला. माझ्याकडचाही ठेवला. तिची आठवण आली की हल्ली मी माझंच तोंड बघत बसते. मास्तर म्हणतात, स्वतःच्या फारच प्रेमात पडलीस. म्हणू देत.