खालचं थोरलीचं

कुऱ्हाडी, साखळ्या आणि ट्रॅक्टर घेऊन धाकटा सकाळीच वावरात पोचला, तर पहिल्याच बुडख्यावर थोरली भावजय ठाण मांडून बसलेली.

"वहिनी, उठा. बुडखा उपटायचाय."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? झाडाचा!"

"झाडं तुम्ही विकून खाल्लीत, भावजी. बुडखा माझा आहे."

शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरनं दोन माणसांचं विमान घेतलं होतं. ते उतरवायला त्याला गवताची पट्टी हवी होती, आणि धाकट्याला दारात विमान उभं असलेला माणूस व्हायचं होतं. त्यापायी त्यानं बापानं लावलेली सगळी झाडं आडवी केली.

थोरलीचा नवरा गेला तेव्हा वाटणी झाली होती. धाकटा अख्ख्या गावासमोर म्हणाला होता, "या वावरातलं जमिनीच्या वरचं माझं, खालचं वहिनींचं. आता तरी खूश?" गाव पोट धरून हसलं. थोरली तेवढी हसली नाही. त्या वाक्याला ती तेव्हापासून धार लावत बसली होती.

तिनं जमलेल्यांना विचारलं, "असंच म्हणाले होते ना?"

"अगदी असंच!" लोक म्हणाले. फुकटची मजा कोण सोडतो?

धाकट्यानं बुडख्याकडे पाहिलं. वीतभर वर, बाकी सगळा खाली. "बरं, न्या तुमचे बुडखे. जळणाला होतील. माझी मजुरी वाचली."

थोरलीनं भाच्याचा ट्रॅक्टर आणला. बुडख्याभोवती खणायचं, आडवी मुळं तोडायची, साखळी आवळायची आणि ओढायचं. कडाकड आवाज करत एकेक बुडखा वर यायचा. धाकटा बांधावर बसून डॉक्टरला फोनवर सांगायचा, "साहेब, तुमचंच काम चाललंय इथं. फक्त भूल देत नाहीत."

शेवटचा बुडखा निघाला आणि थोरली घरी निघाली.

"वहिनी, खड्डे?"

"आहेत की."

"बुजवायचे कुणी?"

"खड्डा जमिनीच्या खाली असतो. म्हणजे माझा. मला तो असाच आवडतो."

धाकट्यानं एक खड्डा बुजवला. थोरली फावडं घेऊन आली आणि सगळी माती उपसून त्याच्या पायाशी टाकली. "तुमची माती माझ्या खड्ड्यात आली होती. मी कुणाचं ठेवून घेत नाही."

ठरल्या दिवशी विमान आलं. धाकटा खाली उपरणं हलवत धावत होता आणि धावता धावता खड्ड्यांत पडत होता. वरून डॉक्टरला माणूस दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. दोन घिरट्या घालून विमान परत गेलं. मग फोन आला: पुढच्या आठवड्यात पट्टी सपाट नसेल, तर दुसरं गाव बघतो.

धाकटा चिखलाच्या कपड्यांनीच थोरलीच्या दारात गेला. मागोमाग गाव.

"वहिनी, काय पाहिजे ते बोला."

"अर्धं वावर. वरचं, खालचं, सगळं."

"घ्या! कुठलं ते बोट दाखवा!"

थोरलीनं बोट दाखवलं. लांबीतून नाही, आडवं. बरोबर मधून. धाकट्याच्या डोक्यात नुसते खड्डे होते; त्यानं मान हलवली आणि गावासमोर हद्दीचे दगड रोवले. मग थोरलीनं सगळे खड्डे बुजवले, त्याच्या बाजूचेसुद्धा. वर गवतही पेरलं.

पट्टी निम्मी झाल्याचं धाकट्याला डॉक्टर बघायला आला तेव्हा कळलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण डॉक्टर पावलं टाकत हिंडला आणि म्हणाला, "चालेल. बाईंच्या बाजूनं अगदी खालून आलो, तर अर्ध्यातही थांबेल. मध्ये उंच काही नको, एवढंच."

धाकट्यानं उडी मारली. "ऐकलंत का वहिनी? उतरतंय विमान!"

"ऐकलं," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो वावरात आला, तर थोरली हद्दीच्या दगडांना लागून ओळीनं रोपं लावत होती. गुडघ्याएवढी, टवटवीत.

"वहिनी, ही झाडं किती उंच होतात?"

थोरलीनं हातातल्या रोपाच्या बुडाशी माती दाबली आणि आभाळाकडे पाहिलं.

"विमान किती उंचावरून येतं?"