घोडपदेवचा करंज जागचा हलला नाही

मित्रांनो, माझ्या बुंध्यावर एकदा एक कागद चिकटवला होता. त्यावर लिहिलं होतं, 'धोकादायक वृक्ष'. साठ वर्षांत मी कुणाच्या डोक्यावर साधी काटकी टाकली नाही. मी घोडपदेवच्या एका चाळीच्या चौकातला जुना करंज आहे, आणि धोकादायक तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकतो.

गोदीत क्रेन चालवणाऱ्या रूपर्टनी मला लावलं तेव्हा मी वीतभर होतो. पुढे चाळीतली पोरं माझ्या शेंगा वेचून भातुकलीत करंज्या म्हणून वाढू लागली. माझी फुलं गळली की चौकात लाह्या सांडल्यासारखं दिसे. दुसऱ्या मजल्यावरच्या आनंदीबाई ती झाडताना रोज कुरकुरत आणि दुपारी तांदूळ निवडायला माझ्याच सावलीत बसत.

चाळ मात्र पार थकली होती. तुळयांना लोखंडी टेकू लागले होते. एकदा आनंदीबाईंच्या शेगडीवरच छताचा पोपडा कोसळला. बहात्तराव्या वर्षी त्या गॅलरीच्या टोकाला सामाईक संडासासाठी रांग लावत. त्यांना नवं घर मिळू नये, असं माझ्या मनात कधी आलं नाही.

मग पुनर्विकासाचा नकाशा आला. त्यात चौकातली पाचही झाडं जाणार होती: दोन नारळ, बदाम, शेवगा आणि मी. बदल्यात नकाशात छान हिरवा रंग भरला होता. सगळ्यांना तो आवडला.

रूपर्टची लेक फ्लॅविया गिरगावात एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढते. रविवारी चौकात सभा भरली, तेव्हा तिने त्या हिरव्या रंगावर बोट ठेवलं.

"ही बाग जमिनीवर नाही. सातव्या मजल्यावर आहे, पार्किंगच्या छपरावर. खाली माती फक्त एक फूट. तिथे लॉन होईल. झाड होणार नाही."

आनंदीबाई चिडल्या. "झाडापायी माझं घर लांबलं तर? मला काय फांदीवर बसवणार आहेस, गो?"

"घर अडवायचं नाहीये मला, मावशी," फ्लॅविया म्हणाली. "नारळ, बदाम आणि शेवगा इमारतीच्या जागेवरच आहेत. ते जातील, मला रडू येतंय तरी जातील. पण करंजाच्या जागी घर येत नाही. तिथे गाड्यांचा रॅम्प येतोय. तो पलीकडच्या भिंतीला नेला तर नऊ गाड्यांची जागा कमी होते. खोली एकाचीही कमी होत नाही."

बिल्डरच्या माणसाचं नाव ध्रुव. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ते झाड आतून पोकळ आहे. म्हणून तर बुंध्यावर कागद लावलाय."

"कोणी तपासलं?"

ध्रुवने मोबाइलमध्ये तपासणीचा अहवाल शोधला. तो नव्हताच.

आनंदीबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या.

"संमतीपत्रावर माझी सही अजून व्हायची आहे ना? रॅम्प हलेपर्यंत ती होणार नाही. घर मला हवंच आहे. पण नऊ गाड्यांसाठी खोटं बोलून झाड तोडलेलं घर मला नको."

मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, तुमच्यापायी आम्ही लटकायचं का?"

"लटका थोडे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मीही लटकतेच आहे."

त्या चार महिने लटकल्या. रोज त्याच रांगेत उभ्या राहिल्या. शेजारणी बोलेनाशा झाल्या. फ्लॅवियाने हरकतीचा अर्ज दिला. पालिकेचा अधिकारी आला, त्याने लाकडी हातोडीने मला चहूबाजूंनी ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला. बुंध्यावरचा कागद फाटला, नकाशा बदलला आणि आनंदीबाईंनी सही केली.

पण मित्रांनो, मी जिंकलो असं म्हणू नका. बदाम पडला तेव्हा त्याची लाल पानं माझ्या पायाशी येऊन थांबली. शेवग्याला तर तुटायला एक सकाळही लागली नाही. त्यांच्या बदल्यात कुंपणालगत, खऱ्या जमिनीत, बारा रोपं लावली. सात जगली. ती माझ्या गुडघ्यालाही येत नाहीत. साठ वर्षांची सावली काही दोन-चार वर्षांत उगवत नाही.

आता समोर तेवीस मजले उभे आहेत. आनंदीबाई नवव्या मजल्यावर राहतात आणि स्वतःच्या घरातल्या संडासाचं दार पाहुण्यांना कौतुकाने उघडून दाखवतात. मला त्याचा आनंद आहे. गेल्या महिन्यात माझ्या बुंध्यापर्यंत फरशी घालायला माणसं आली, तेव्हा त्या खाली उतरल्या आणि माझ्या मुळांवर उभ्या राहिल्या. माणसं फरशी घेऊन परत गेली. ती पुन्हा येतील. आम्हीही इथेच असू.

माझी कीव करू नका, मित्रांनो. मला दया नको, माती हवी. तुमच्या दाराशी लावलेली रोपं फोटो काढून विसरू नका, निदान तीन उन्हाळे त्यांना पाणी घाला. घरं बांधा, जरूर बांधा. आणि कोणी कागदावर हिरवा रंग दाखवला, तर लहान असलात तरी सभेत उभे राहून विचारा, "इथे खाली माती किती आहे?"