दाराजवळची खुर्ची

दोघा भावांच्या सलूनमध्ये खुर्च्या तीन आणि कामाच्या दोनच. दाराजवळची तिसरी वडिलांची. ते जाऊन चार वर्षं झाली, तरी थोरला रोज सकाळी तिच्यावरची चादर काढून झटकायचा आणि परत घालायचा.

राजकारणावरून या दोघांचं एक दिवस पटलं असेल तर शपथ. थोरला उजव्यांचा, धाकटा डाव्यांचा; निवडणूक जवळ आली की गिऱ्हाइकंसुद्धा आपापली मतं बघून खुर्ची धरायची. थोरला म्हणायचा, आधी आपली माणसं, आधी वाडवडिलांनी घालून दिलेलं. धाकटा म्हणायचा, आधी ज्याचं दुखतंय तो. तो कुठला, कुणाचा, हे मागाहून विचारा.

अशात परगावचा एक कारागीर काम मागायला आला. पुरात त्याचं दुकान वाहून गेलं होतं आणि बायको-पोरं मेव्हण्याच्या घरी अंग चोरून राहत होती. सोमवारपर्यंत कुठं जमलं नाही, तर त्यांना तिथंच ठेवून तो एकटा पुढं जाणार होता. धाकट्यानं त्याच्याकडून स्वतःची दाढी करून घेतली. हात हलका होता.

"खुर्ची रिकामीच आहे," धाकटा म्हणाला.

"रिकामी नाही. बाबांची आहे."

"दादा, लोखंड आणि चामडं आहे ते. बाबा नाहीत त्यात."

"तुला काय, सगळं लोखंडच."

"आणि तुला जित्या माणसापेक्षा चादर मोठी."

हे थोरल्याला फार लागलं. त्यानं बोलणंच टाकलं. तुरटी हवी असली तरी गिऱ्हाइकाला सांगायचा, "त्यांना म्हणावं, तुरटी द्या." इकडे धाकट्यानं मनाशी पक्कं केलं, की सोमवारी त्या माणसाला नाही म्हणावं लागलं, तर आपणही आपली पेटी उचलायची आणि वेगळं दुकान टाकायचं.

सोमवारी कारागीर आला. थोरल्यानं आपल्या कात्र्या-कंगवे गोळा केले आणि आपल्या आरशापुढची फळी ओल्या फडक्यानं पुसली.

"तुम्ही इथं उभे राहा," तो कारागिराला म्हणाला. "पुराला काय, तो कुणाच्याही दारात येतो. पण बाबांच्या खुर्चीवर परका हात चालायचा नाही. तिथं मी जातो."

त्यानं चादर ओढली. खुर्चीमागची फरशी वडिलांच्या पायांनी झिजली होती, बरोबर तिथंच तो उभा राहिला. किंचित वाकून. मग बसायच्या जागेवर तळहातानं दोनदा थापटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "या."

वडील अस्सेच थापटायचे.

मनासारखं झालं म्हणून धाकट्यानं खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण त्याला तिकडे बघवेना. फेसानं माखलेलं गिऱ्हाईक पुढ्यात, आणि याचा वस्तरा हवेतच.

"दादा," शेवटी तो म्हणाला, "ती चादर टाकू नकोस. इकडे दे."

थोरल्यानं ती दिली. धाकट्यानं नीट घडी घातली आणि आपल्या खणात, धुतलेल्या टॉवेलांच्या खाली ठेवली.